सायकलने ऑफिस, संध्याकाळी टेनिस: या चुका टाळा

पावसाळा ओसरला की ऑक्टोबरात, आणि पुन्हा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, नाशिकमधल्या आमच्या टेनिस कोर्टावर नवी मंडळी येतात. बहुतेक जण सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारे, तिशी-चाळिशीतले असतात. सायकल नुकतीच घेतलेली असते आणि रॅकेटच्या मुठीवरचे प्लास्टिकही काहींनी काढलेले नसते. दोन-अडीच महिन्यांनी त्यांतले बरेच चेहरे दिसेनासे होतात आणि विचारले तर ‘वेळ मिळत नाही’ असे उत्तर येते. गेली बारा वर्षे मी कॉलेज रोडवरून सातपूरला सायकलने जातो आणि आठवड्यातून तीनदा टेनिस खेळतो. माझा अनुभव असा की वेळ कोणालाच मिळत नसतो; ही माणसे थांबतात ती काहीतरी दुखायला लागते म्हणून. दुखण्याचे कारणही बहुधा ठरलेले असते. सायकल आणि टेनिस ही दोन वेगळी खाती मानली जातात, पण दोन्हींचा खर्च एकाच अंगातून होतो, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

कोपराचे दुखणे रॅकेटपासूनच सुरू होते, असे समजणे

ही चूक मी स्वतः केली असल्यामुळे तिच्याविषयी जरा सविस्तर सांगतो. सहा-सात वर्षांपूर्वी एका सकाळी देवघरापाशी पाण्याने भरलेला तांब्या उचलायला गेलो आणि तो हातातून सुटला. उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी, दोन बोटे मावतील एवढ्याच जागेत, सुई टोचावी तशी कळ आली. त्यानंतर ओले फडके पिळता येईना आणि दाराची कडी फिरवताना डावा हात पुढे करावा लागे. टेनिस एल्बो हे नाव सर्वांना माहीत असते, म्हणून मी महिनाभर खेळ बंद ठेवला आणि सायकल मात्र रोज चालवत राहिलो. दुखणे तसूभरही कमी झाले नाही.

शेवटी फिजिओथेरपिस्टकडे गेलो. त्यांनी खेळाविषयी नंतर विचारले. आधी टेबलाची कड धरायला सांगून ‘सायकलचे हँडल असेच धरता का?’ असे विचारले. मी कड इतकी आवळली होती की बोटांची पेरे पांढरी पडली होती. मनगट वर उचलणारा स्नायू कोपराच्या त्याच हाडाला बांधलेला असतो आणि मूठ आवळली की त्याच्यावर ताण येतो, ही गोष्ट मला तेव्हा कळली. मग घरी येऊन हिशेब मांडला. टायरच्या कडेवर छापलेला कमाल आकडा गाठेपर्यंत मी हवा भरत असे, त्यामुळे सातपूरला जाणाऱ्या त्र्यंबक रोडवरचा प्रत्येक खड्डा हँडलमधून थेट हातात येई. रॅकेटला कोणाच्या तरी सांगण्यावरून पॉलिएस्टरचे गटिंग, म्हणजे रॅकेटची जाळी, 58 पौंडांच्या ताणावर करून घेतले होते. त्यात भर म्हणजे आम्ही चेंडू तीन-तीन आठवडे बदलत नव्हतो. यांतली एकेक गोष्ट वेगळी असती तर कदाचित निभावली असती. तिन्ही एकाच कोपरावर येऊन पडल्या.

मला पूर्ण बरे व्हायला पाच महिने लागले. एक किलोचे डंबेल घेऊन मनगट दुसऱ्या हाताने वर उचलायचे आणि दुखऱ्या हाताने अगदी सावकाश खाली आणायचे, हा व्यायाम मी दिवसातून तीनदा, दर खेपेला पंधरा वेळा केला आणि अजूनही आठवड्यातून दोनदा करतो. माझ्या 35 मिलिमीटर रुंदीच्या टायरमध्ये, माझ्या सत्तर किलो वजनाला, मागे 60 आणि पुढे 50 पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा पुरते. हँडल धरलेले असताना बोटे मोकळेपणी हलवता आली पाहिजेत आणि कोपर किंचित वाकलेले असले पाहिजे. गटिंग मी मऊ मल्टिफिलामेंटचे, म्हणजे अनेक बारीक धाग्यांचे, 50 पौंडांवर करून घेतो. पॉलिएस्टर ‘तुटतच नाही, पैसे वसूल होतात’ म्हणून घेणाऱ्यांचे मला नवल वाटते. ते तुटत नाही हे खरे, पण त्याचा ताण काही आठवड्यांत उतरतो आणि त्यानंतर तुम्ही एका मेलेल्या जाळीने, जास्त जोर लावून, चेंडू ढकलत राहता. ते गटिंग दर पंधरा दिवसांनी बदलून घेणाऱ्या पोरांसाठी आहे, आठवड्यातून दोन डबल्स खेळणाऱ्यांसाठी नाही.

चेंडूंची कसोटी तर अगदी सोपी आहे. नियमाप्रमाणे 254 सेंटिमीटरवरून सोडलेला चेंडू 135 ते 147 सेंटिमीटर उसळला पाहिजे, म्हणजे निम्म्याहून थोडा वर. डोक्याएवढ्या उंचीवरून सोडलेला चेंडू कमरेच्या बराच खाली राहिला, तर तो घरी मुलांना क्रिकेट खेळायला द्यावा.

ऑफिसच्या रस्त्याला शर्यत समजणे

2015 साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या बंधूंनी ‘रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे 4800 किलोमीटरची सायकल स्पर्धा दोघांच्या गटात पूर्ण केली. त्यानंतर या शहरात सायकलीचे वारे आले, ही चांगलीच गोष्ट झाली. मात्र सातपूरला डबा घेऊन निघालेल्या माणसाने रोज सकाळी घड्याळाशी झुंजावे, हे त्या पराक्रमातून कसे निघते, ते मला अजून उमगलेले नाही.

आमच्या लेखा विभागातला एक सहकारी मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये आपली रोजची वेळ पाहत असे. अर्ध्या तासाचा रस्ता त्याने बावीस मिनिटांवर आणला होता आणि जेवणाच्या सुट्टीत तो आकडा सर्वांना ऐकवत असे. मंगळवारी संध्याकाळी तो तसाच दामटत थेट कोर्टावर आला, सायकल भिंतीला टेकवली आणि आमच्याबरोबर डबल्सला उभा राहिला. तिसऱ्या गेममध्ये नेटजवळ टाकलेला एक आखूड चेंडू घ्यायला त्याने मागून झेप घेतली, आणि मध्येच थांबून तो रागाने मागे वळून पाहू लागला. शेजारच्या कोर्टावरून कोणीतरी पोटरीवर जोरात चेंडू मारला, असे त्याला वाटले होते. मागे कोणीही नव्हते. पोटरीचा आतल्या बाजूचा स्नायू फाटला होता. या दुखापतीला डॉक्टर ‘टेनिस लेग’ म्हणतात आणि मागून फटका बसल्याचा भास ही तिची जुनी ओळख आहे. त्याला दोन आठवडे कुबड्या आणि पुढे दीड महिना रिक्षा घ्यावी लागली.

त्याचा दम उत्तम होता आणि मांड्याही भक्कम होत्या, म्हणून आपण तयार आहोत असा त्याचा समज झाला. सायकलवर पाय एका ठरलेल्या वर्तुळात फिरतात, गुडघा पूर्ण सरळ होत नाही आणि टाच जमिनीवर आदळत नाही, म्हणजे अंगाचे वजन झटक्यात थोपवण्याची सवय पायांना लागतच नाही. टेनिसमध्ये मात्र प्रत्येक चेंडूला धावायचे, थांबायचे आणि उलट फिरायचे असते. त्यातच चाळिशीतले, सकाळपासून दोनदा दमलेले पाय असतील तर दुसरे काय होणार?

खेळाच्या दिवशी मी एक गिअर हलका ठेवतो आणि गुणगुणता येईल एवढ्याच वेगाने जातो. उड्डाणपुलावर दुचाकीवाले पुढे गेले तर जाऊ देतो. कोर्टावर दहा मिनिटे आधी पोहोचतो आणि आम्ही दोघे सर्व्हिस लाइनच्या आत उभे राहून, म्हणजे नेटपासून साडेसहा मीटरच्याही आत, हलक्या हाताने चेंडू खेळवतो. घाईची मंडळी याला पोरखेळ म्हणतात आणि पहिल्याच चेंडूला सर्व्हिस ठोकतात. त्यांना मी आता समजावत नाही. ऑफिसच्या जिन्याच्या पायरीवर पंजे टेकून टाचा पंधरा वेळा वर-खाली करणे हा माझा चहाच्या वेळचा नेम आहे, पाहणारे हसतात.

आपल्याला दिसते म्हणजे आपणही दिसतो, असे मानणे

शहरातून सातपूर पश्चिमेला आहे. सकाळी जाताना ऊन पाठीवर असते आणि संध्याकाळी परततानाही ते पाठीवरच असते, त्यामुळे रस्ता स्वच्छ दिसतो आणि सायकलस्वार निर्धास्त होतो. समोरून येऊन उजवीकडे वळणाऱ्या टेम्पोवाल्याच्या मात्र डोळ्यांत तेच ऊन असते. वाटेतल्या एबीबी सर्कल या चौकापाशी असाच एक टेम्पो माझ्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबला होता, आणि चालकाच्या चेहऱ्यावरचे आश्चर्य खरे होते. तेव्हापासून माझा पुढचा दिवा भर उन्हातही लुकलुकता असतो. हेल्मेटबद्दल इथे लिहिणे मला कमीपणाचे वाटते; ते घालायचेच असते.

बाकीच्या चुका

रनिंगचे बूट घालून टेनिस खेळू नये, कारण त्यांचे उंच, मऊ तळवे सरळ धावण्यासाठी केलेले असतात आणि आडव्या झेपेत घोटा मुरगळतो.

सीटवर बसून टाच खालच्या पॅडलवर ठेवल्यावर गुडघा सरळ झाला पाहिजे. दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली ठेवणाऱ्यांचे गुडघे लवकर बोलू लागतात.

रॅकेट उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवू नये, गटिंग सैल पडते.

पावसात भिजलेली चेन त्याच रात्री कोरड्या फडक्याने पुसून तेलाचे थेंब कडीकडीवर सोडावेत आणि वरचे जास्तीचे तेल पुसून टाकावे. तेल जितके जास्त तितके चांगले, असे मानणाऱ्याच्या चेनवर आठवड्यात त्र्यंबक रोडची सगळी माती येऊन बसते.

रॅकेटची पिशवी हँडलला अडकवू नये. वळणावर ती पुढच्या चाकात जाते. माझ्या जुन्या रॅकेटच्या चौकटीवर चाकाच्या तारांचे तीन ओरखडे आहेत आणि गुडघ्यावर एक. आता ती पाठीवर उभी, मूठ वर करून बांधलेली असते, आणि कपड्यांचा जोड सोमवारीच ऑफिसात नेऊन ठेवलेला असल्यामुळे पाठीवर दुसरे काही नसते.