पाँटून बोट बांधताना या चुका टाळा : प्लावक बल आणि स्थैर्याचा हिशेब

दोन लांब नळकांडी, त्यांना जोडणारे आडवे तुळईवजा खांब आणि वर सपाट डेक एवढ्या साध्या रचनेमुळे पाँटून बोट कोणताही बरा फॅब्रिकेटर बांधू शकेल असे वाटते. १९५२ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात अँब्रोज वीरस यांनी लोखंडी पिंपे जोडून त्यांवर लाकडी डेक बसवला, तेव्हापासून या रचनेचे मूळ तत्त्व फारसे बदललेले नाही. आज आपल्याकडेही धरणांच्या जलाशयांवर आणि खाड्यांमध्ये पर्यटनासाठी, मत्स्यपालनाच्या पिंजऱ्यांपर्यंत जाण्यासाठी किंवा तरंगत्या धक्क्यासाठी अशा बोटी व तराफे स्थानिक पातळीवर बांधले जातात. मात्र या बोटीचा एक गुणधर्म बांधणाऱ्याला फसवतो. सुरुवातीला ती एकतळी होडीपेक्षा कितीतरी ताठ उभी राहते, माणसे इकडेतिकडे फिरली तरी जेमतेम कलते. पण एका बाजूचे नळकांडे पूर्ण पाण्याखाली गेले की त्या बाजूला आधार द्यायला काहीच उरत नाही आणि ती जवळजवळ कोणतीही सूचना न देता उलटते. म्हणून पुढील बहुतेक चुका एकाच मुळाशी येतात : हिशेब समान पसरलेल्या वजनाचा केला जातो आणि बोटीला तोंड द्यावे लागते ते एका बाजूला सरकलेल्या वजनाला.

एकूण आकारमान म्हणजे वहनक्षमता नव्हे

उदाहरणादाखल ६० सेंटिमीटर व्यासाची आणि ६ मीटर लांबीची दोन नळकांडी घेऊ. प्रत्येकाचे आकारमान सुमारे १.७ घनमीटर भरते, म्हणजे गोड्या पाण्यात एक नळकांडे पूर्ण बुडाल्यावर सुमारे १,७०० किलो वजन तोलते आणि दोन्ही मिळून ३,४०० किलो. इंजिन, इंधन, डेक, छत धरून रिकाम्या बोटीचे वजन ७०० किलो असल्यास उरलेल्या २,७०० किलोंना माणशी ७५ किलोंनी भागून ३६ जणांची बोट जाहीर करणे ही सर्वांत ढोबळ चूक होय. त्या भाराला नळकांडी पूर्ण पाण्याखाली असतील आणि राखीव प्लावक बल, म्हणजे पाण्याची बोटीला वर उचलून धरण्याची शिल्लक ताकद, शून्य असेल. एक छोटी लाटसुद्धा मग पुरेशी ठरते.

नळकांडे निम्मे बुडालेले असावे, हा जुना नियम केवळ सावधगिरीपोटी आलेला नाही. वर्तुळाकार छेदाच्या नळकांड्याची पाण्याच्या पातळीवरची रुंदी निम्म्या खोलीला सर्वाधिक असते. व्यासाच्या ७५ टक्के खोलीपर्यंत बुडाल्यावर ती ६० सेंटिमीटरवरून ५२ वर येते आणि ९० टक्के खोलीला केवळ ३६ सेंटिमीटर उरते. जसजशी ही रुंदी आक्रसते, तसतसे प्रत्येक वाढीव किलोमागे बोट अधिक वेगाने खाली बसते आणि कलण्याला तिचा विरोध घटत जातो. आपल्या उदाहरणातील बोटीची निम्म्या बुडीची एकूण क्षमता १,७०० किलो, म्हणजे स्वतःचे वजन वजा जाता १,००० किलो अथवा १३ माणसे.

येथे मालकाचा मोह सुरू होतो. वीस जण बसले तर काय बिघडते, असा प्रश्न येतो, आणि काठावरून पाहणाऱ्याला खरोखर काही बिघडलेले दिसत नाही. वीस जण डेकवर समान पसरून बसले तर एकूण वजन २,२०० किलो होते, नळकांडे साधारण ३७ सेंटिमीटर बुडते आणि २३ सेंटिमीटर वर दिसत राहते. आता तेच वीस जण एखादा पक्षी पाहण्यासाठी किंवा फोटोसाठी एका बाजूच्या नळकांड्यावर जाऊन उभे राहिले, तर त्या नळकांड्यावर बोटीच्या वजनाचा निम्मा भाग ३५० किलो आणि माणसांचे १,५०० किलो असे १,८५० किलो येतात, तर त्याची अंतिम क्षमता १,७०० किलोच आहे. तेरा जणांच्या बाबतीत हाच आकडा सुमारे १,३२५ किलो येतो. दोन नळकांड्यांच्या मध्यांमधील अंतर १.८ मीटर धरल्यास बोट साधारण ९ अंश कलते, लोक घाबरतात, पण थोडीफार क्षमता शिल्लक राहते. हा आकडाही प्रत्यक्षात वाढतो, कारण बोट कलल्यावर उभ्या माणसांचे वजन आणखी बाहेरच्या बाजूला झुकते. प्रवासीसंख्या ठरवताना हाच, सर्व जण एका कठड्याला आल्याचा हिशेब आधी करावा आणि समान पसरलेल्या भाराचा नंतर.

माणशी वजनाचे जुने गृहीतक

६ मार्च २००४ रोजी बाल्टिमोर बंदरात ‘लेडी डी’ नावाची पाँटून प्रकारची वॉटर टॅक्सी वाऱ्याच्या जोरदार झोतात उलटली. तिच्यावर २५ जण होते आणि त्यांतील पाच प्रवासी दगावले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात जे निघाले ते प्रत्येक बांधणाऱ्याने लक्षात ठेवावे असे आहे. त्या बोटीची स्थैर्यचाचणी तिच्यावर झालीच नव्हती; रचनेने वेगळ्या असलेल्या दुसऱ्या बोटीची चाचणी तिला लागू धरण्यात आली होती. शिवाय प्रवाशाचे सरासरी वजन १४० पौंड, म्हणजे सुमारे ६३.५ किलो, असे दशकांपूर्वीचे मानक वापरले गेले होते, तर त्या दिवशीच्या प्रवाशांचे सरासरी वजन १६८ पौंडांच्या, म्हणजे ७६ किलोंच्या, आसपास होते. केवळ या फरकामुळे पंचवीस जणांमागे ३०० किलोंहून अधिक वजन हिशेबाबाहेर राहिले. २५ जणांचा परवाना असलेल्या त्या बोटीवर प्रत्यक्षात १५ हून अधिक माणसे नसावीत, असा निष्कर्ष निघाला. पुढे अमेरिकन तटरक्षक दलाने गृहीत सरासरी १८५ पौंड, म्हणजे सुमारे ८४ किलो, केली.

या घटनेतून दोन गोष्टी थेट घ्याव्यात. शेजारच्या जलाशयावरची ‘अशीच’ बोट बारा जण नेते म्हणून आपलीही नेईल, हा तर्क चालत नाही. दोन नळकांड्यांमधले अंतर किंवा छताची उंची बदलली की ती दुसरी बोट होते. दुसरे असे की, बोटीवर लावायच्या फलकावर माणसांच्या संख्येबरोबर कमाल वजन किलोंमध्ये लिहावे, कारण डबे, बर्फाची पेटी, स्कूबाचे सिलिंडर अशा सामानाला माणशी हिशेबात जागाच नसते.

अंतर, डेकची कड आणि तिसरे नळकांडे

कलण्याला होणारा विरोध नळकांड्यांच्या मध्यांमधील अंतराच्या जवळपास वर्गाने वाढतो. वरील बोटीत हे अंतर १.२ मीटरऐवजी १.८ मीटर ठेवले, म्हणजे दीडपट केले, तर सुरुवातीचा ताठपणा दुपटीहून अधिक होतो. असे असूनही अंतर वाढवताना डेकही तेवढाच बाहेर काढला जातो, आणि मिळालेला फायदा बराचसा निसटतो, कारण माणसे नेहमी कठड्यापाशी उभी राहतात आणि कठडा बाहेर सरकला की तीही सरकतात. डेकची कड नळकांड्याच्या बाहेरच्या कडेपलीकडे जाऊ नये. विशेषतः पुढच्या टोकाला, जेथे धक्क्यावर उतरण्यासाठी सर्व जण एकाच वेळी गर्दी करतात, तेथे नळकांड्यांच्या पुढे आलेला डेक धोक्याचा ठरतो. बोट नाक खुपसते आणि पुढून पाणी डेकवर चढते. इंजिन मागे असतेच, त्यामुळे इंधनाची टाकी आणि बॅटरी मध्याजवळ ठेवून रिकामी बोट पुढे-मागे समतल राहील असे पाहावे, आणि नळकांड्यांची पुढची टोके बोथट न ठेवता वर निमुळती करावीत.

मधोमध तिसरे नळकांडे बसवले की बोट ‘पक्की’ झाली, असा समज फार पसरलेला आहे. मधले नळकांडे भार निश्चितच उचलते आणि त्यामुळे बाजूच्या नळकांड्यांना थोडी मोकळीक मिळते. पण ते मध्यरेषेवरच असल्याने कलण्याविरुद्धचा सुरुवातीचा ताठपणा आपल्या उदाहरणात २ टक्क्यांनीही वाढत नाही. ते बसवून वाढलेली क्षमता लगेच अधिक प्रवाशांनी भरून टाकली, तर स्थैर्याच्या दृष्टीने बोट पूर्वीपेक्षा वाईट होते. डगमगणे ही तक्रार असेल तर आधी अंतर किंवा बाहेरच्या नळकांड्यांचा व्यास वाढवावा.

छत, ताडपत्री आणि वारा

वरचा मजला, पाण्याची टाकी, लोखंडी पत्र्याचे छत यांनी गुरुत्वमध्य वर जातो हे सर्वांना ठाऊक असते. बोटीच्या मुळच्या ताठपणामुळे त्याचा परिणाम रोजच्या वापरात जाणवत नाही, तो जाणवतो वाऱ्यात. पावसाळ्यात बाजूंना प्लॅस्टिकच्या ताडपत्र्या सोडल्या की ६ मीटर लांब आणि २ मीटर उंच अशी भिंत उभी राहते. ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्यात, म्हणजे वळवाच्या पावसाआधी येणाऱ्या एखाद्या जोरदार झोतात, तिच्यावर सुमारे ३०० किलो वजनाइतका दाब येतो, आणि तो पाण्यापासून दीड मीटर उंचीवर धरला तर परिणाम सहा माणसे मध्यापासून एक मीटर बाजूला सरकल्यासारखा होतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. बाजूच्या ताडपत्र्या एका ओढीत सुटतील अशाच बांधाव्यात, आणि हा वाऱ्याचा भार माणसे त्याच बाजूला असतानाच्या भारात मिळवून हिशेब करावा. वाऱ्यापाऊसातून अंग चोरण्यासाठी लोक आडोशाच्या बाजूला, म्हणजे बोट ज्या बाजूला कलत असते नेमक्या त्याच बाजूला, जमतात.

पिंपे, कप्पे आणि आत शिरणारे पाणी

खर्च वाचवण्यासाठी २०० लिटरची पिंपे वापरण्यात गैर काही नाही, मात्र प्रत्येक पिंपामागे निम्म्या बुडीचे १०० किलो धरून त्यातून पिंपाचे स्वतःचे वजन, लोखंडी असल्यास सुमारे २० किलो आणि प्लॅस्टिकचे असल्यास १० किलोंच्या आसपास, वजा करावे. पिंपे बांधताना लोक ती खाली पडू नयेत याची काळजी घेतात, पण पाण्यात गेल्यावर ती वरच्या दिशेने आणि बाजूला रेटत असतात. बोट कलल्यावर एखादे पिंप चौकटीतून निसटले, तर ज्या क्षणी आधाराची सर्वाधिक गरज असते त्याच क्षणी तो जातो. म्हणून दोऱ्यांवर विसंबू नये. पिंप चारी बाजूंनी अडेल असा लोखंडी पाळणा करावा.

बूच घट्ट असूनही पिंपात पाणी कसे येते, हे कोडे अनेकांना पडते. काठावर उन्हात तापलेल्या पिंपातील हवा ६० अंशांपर्यंत गेली आणि त्याच अवस्थेत बूच लावून पिंप २५ अंशांच्या पाण्यात सोडले, तर आतला दाब जवळपास १० टक्क्यांनी उतरतो. हा फरक एक मीटर पाण्याच्या दाबाएवढा असतो, तर निम्मे बुडालेले पिंप जेमतेम ३० सेंटिमीटर पाण्याखाली असते. बुचातली बारीकशी फट मग पाणी अक्षरशः ओढून घेते. बूच पहाटे, पिंप थंड असताना लावावे आणि ते पाण्याच्या पातळीच्या वर येईल असे पिंप फिरवावे.

सलग लांब नळकांड्यात आडव्या जलरोधक भिंती घालून निदान तीन-चार कप्पे करणे टाळू नये. सलग नळकांड्यात शिरलेले पाणी नुसते वजन वाढवत नाही, ते नेहमी खालच्या टोकाकडे धावते आणि बोट जिकडे झुकली असेल तिकडेच तिला आणखी ओढते. प्रत्येक कप्प्याला वरून स्वतंत्र तपासणीचे बूच ठेवावे आणि खांब जोडण्यासाठी नळकांड्याला छिद्र न पाडता त्यावर वेल्ड केलेले ब्रॅकेट वापरावेत. खारे पाणी असेल तर अॅल्युमिनियमच्या ब्रॅकेटला साधे लोखंडी बोल्ट लावू नयेत, जोडाजवळचे अॅल्युमिनियम झपाट्याने खाल्ले जाते. स्टेनलेस बोल्ट आणि मध्ये नायलॉनचे वॉशर घालावेत.

आत फोम भरल्याने बोट अधिक वजन तोलते, हाही गैरसमज आहे. फोम प्लावक बल वाढवत नाही, उलट स्वतःचे वजन मिळवतो. नळकांडे फुटल्यावर त्यातील जागा पाण्याने भरू नये, एवढेच त्याचे काम, आणि ते मोलाचे आहे. मात्र उघड्या थर्माकोलचे ठोकळे वापरू नयेत. पेट्रोल लागले की ते विरघळतात आणि पाण्यात राहून हळूहळू ओलावा धरतात. बंद पेशींचा पॉलियुरेथेन किंवा पॉलिइथिलिन फोम घ्यावा.

चाचणी आणि निदान

बोट प्रवाशांसाठी खुली करण्यापूर्वी उथळ, शांत पाण्यात, दोन्ही बाजूंनी दोर बांधून तिची चाचणी घ्यावी आणि त्यासाठी माणसे वापरू नयेत. पाण्याने भरलेले २० लिटरचे कॅन हे मोजायला सोपे वजन आहे. कमाल भाराइतके कॅन हळूहळू एका कठड्याला नेऊन ठेवावेत, छताच्या आढ्याला ओळंबा टांगून प्रत्येक टप्प्याला कल मोजावा. कल आधी समान गतीने वाढत असेल आणि पुढे त्याच वजनाला अधिकाधिक वाढू लागला, तर नळकांड्याची रुंदी संपत आली आहे असे समजावे आणि तेथून मागे येऊनच कमाल भार निश्चित करावा. उभ्या माणसांचा गुरुत्वमध्य डेकवर ठेवलेल्या कॅनपेक्षा उंच असतो, म्हणून कॅन बाकांवर रचणे अधिक खरे ठरते. यंत्रचालित बोटीसाठी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार सर्वेक्षण व नोंदणी आवश्यक असते. घरच्या चाचणीचे आकडे लिहून ठेवलेले असतील तर सर्वेक्षकाशी बोलणेही सोपे जाते.

पहिल्याच दिवशी, रिकामी बोट पाण्यात असताना, चारही कोपऱ्यांवर पाण्याच्या पातळीच्या खुणा रंगाने कराव्यात. आपल्या उदाहरणातील रिकाम्या बोटीला एक सेंटिमीटर खाली बसवायला सुमारे ६० किलो लागतात. काही महिन्यांनी ती खूण दोन सेंटिमीटर पाण्याखाली गेलेली दिसली, तर १२० किलो कोठून तरी आलेले आहेत. चारही कोपरे सारखेच बसले असतील तर डेकचे प्लायवुड पाणी प्यायले आहे का किंवा कोणी सामान वाढवले आहे का ते पाहावे; एकच बाजू किंवा एकच कोपरा बसला असेल तर त्या ठिकाणच्या कप्प्याचे बूच उघडून आत काठी घालावी. खारी खाडी पावसाळ्यात गोडी झाल्यानेही बोट किंचित खाली बसते, पण तो फरक अडीच टक्क्यांच्या आतला असतो आणि चारही कोपऱ्यांवर सारखा दिसतो. कप्प्यात पाणी सापडल्यावर ते उपसून बूच आवळणे पुरेसे नाही. बोट काठावर घेऊन त्या कप्प्यात हवेचा अगदी हलका दाब द्यावा, जोडांवर साबणाचे पाणी लावावे आणि बुडबुडे जेथे येतील तेथेच झाळकाम करावे.