टेम्प्लेटवरून रिअ‍ॅक्ट प्रोजेक्ट उभा करताना

रिअ‍ॅक्ट म्हणजे वेब पानं बांधायची जावास्क्रिप्ट लायब्ररी. तिचा नवा प्रोजेक्ट मी व्हीट (Vite) या बिल्ड टूलच्या रिअ‍ॅक्ट टेम्प्लेटवरून सुरू करते. आधी नोडची (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामची) आवृत्ती तपासा. व्हीट ७ ला नोड २०.१९ किंवा २२.१२ तरी लागतं. मग टर्मिनलमध्ये एनपीएमची (नोडसोबत येणाऱ्या पॅकेज टूलची) क्रिएट कमांड, फोल्डरचं नाव, टेम्प्लेटची निवड, इन्स्टॉल, आणि आपल्याच मशीनवर पान दाखवणारा डेव्ह सर्व्हर. ब्राउझरमध्ये पोर्ट ५१७३ वर पान दिसलं की झालं.

आता लगेच कोड लिहू नका. पहिला गिट कमिट, म्हणजे कोडच्या स्थितीची नोंद, इथेच करा, पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्या टिपणाऱ्या लॉक फाइलसकट. नंतर काही बिघडलं तर नेमकं आपण काय बदललं ते कळतं. मग नमुन्याचा काउंटर आणि लोगो काढून टाका.

कंपोनंट्ससाठी, म्हणजे पानाच्या सुट्या भागांसाठी, वेगळा फोल्डर करा, आणि फाइलच्या नावातली कॅपिटल-स्मॉल अक्षरं इम्पोर्टमध्ये तंतोतंत तशीच ठेवा. माझ्या मॅकवर सुरळीत चाललेला प्रोजेक्ट लिनक्स सर्व्हरवर बिल्ड होईना. अख्खी संध्याकाळ गेली. ‘बटन’मधला बी एका ठिकाणी स्मॉल होता, एवढंच! मॅक सहसा हा फरक मानत नाही, लिनक्स मानतो.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. सेटिंग्जच्या एन्व्ह (.env) फाइलमध्ये ‘व्हीट अंडरस्कोर’ने (VITE_) सुरू होणारं जे काही कोडमध्ये वापराल, ते बिल्डमध्ये, म्हणजे ब्राउझरला जाणाऱ्या अंतिम फाइल्समध्ये, जसंच्या तसं उतरतं आणि कुणालाही वाचता येतं. गुप्त की तिथे कधीच ठेवू नका, ती सर्व्हरवरच हवी. शिवाय टेम्प्लेटची गिटइग्नोर (गिटने कोणत्या फाइल्स सोडायच्या त्याची यादी) ‘लोकल’ने संपणाऱ्या फाइल्स वगळते, साधी एन्व्ह फाइल वगळत नाही, तिची ओळ त्या यादीत स्वतः घाला.