नाशिकमध्ये पहिलं टेंडर भरायचंय? सूचना निघण्याआधीच फाईल बांधा

महापालिकेचं किंवा जिल्हा परिषदेचं टेंडर भरायचं मनात आलं, की बहुतेक जण आधी निविदा शोधायला बसतात. माझं सांगणं उलट आहे. आधी फाईल बांधा, निविदा नंतर शोधा. सूचना निघाली की हातात जेमतेम आठ-पंधरा दिवस उरतात, शॉर्ट नोटीस असेल तर त्याहून कमी. तेवढ्यात बँकेचा ऐपतीचा दाखला, सीएचं प्रमाणपत्र, जुन्या कामाचा दाखला असं सगळं गोळा करायला निघालात, तर एखादा कागद मागे राहतोच. आणि एक कागद मागे राहिला की पहिला, म्हणजे कागदपत्रांचा (तांत्रिक) लिफाफा बाद. दर कितीही चांगला भरलेला असो, दुसरा, म्हणजे दराचा लिफाफा उघडतच नाही. हातात कसब असलेली, वेळेत काम करून देणारी आपल्याकडची माणसं निव्वळ एवढ्यावरून बाहेर फेकली जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

कुठे भरायचं, ते ठरवा. राजीव गांधी भवनातून चालणारी महापालिका म्हणजे पूर्व, पश्चिम, पंचवटी, सिडको, सातपूर आणि नाशिकरोड हे सहा विभाग. गटार, पेव्हर ब्लॉक, शाळांची रंगरंगोटी, उद्यानांची देखभाल अशी छोटी कामं या विभागांतूनच उगवतात. जिल्हा परिषदेचा पसारा पंधरा तालुक्यांचा; तिथे अंगणवाडी, शाळाखोल्या, गावरस्ते, पाणीयोजना. शिवाय सार्वजनिक बांधकाम विभाग आणि सिन्नर, येवला, मनमाड, भगूरसारख्या नगरपरिषदा आहेत. २०२७ च्या सिंहस्थामुळे सगळ्यांचे डोळे कोट्यवधींच्या कामांवर लागलेत, पण पहिल्या वर्षी त्या आकड्यांकडे पाहूच नका. सातपूर-अंबडमध्ये फॅब्रिकेशनचं शेड असेल, तर शाळेचं कुंपण किंवा बाकं ही तुमची सुरुवात. सिव्हिलची पदवी वा पदविका असेल, तर सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी करून घ्या. छोट्या कामांचं वाटप मजूर सहकारी संस्था, बेरोजगार अभियंते आणि खुले ठेकेदार यांच्यात ठरलेल्या प्रमाणात होत आलंय, आणि काम वाटप समितीतून मिळालेलं पहिलं काम पुढच्या टेंडरला अनुभव म्हणून लावता येतं.

आता फाईल. पॅन, जीएसटी नोंदणी, व्यवसाय कराची दोन्ही प्रमाणपत्रं (स्वतःसाठीचं पीटीईसी आणि कामगारांसाठीचं पीटीआरसी), पीएफ आणि ईएसआयसी, गुमास्ता (दुकान-आस्थापना नोंदणी), भागीदारी असेल तर नोंदणीकृत भागीदारीपत्र, कंपनी असेल तर सहीचा अधिकार देणारा ठराव. ठेकेदार नोंदणीचा वर्ग आणि त्याची मुदत तपासा. वर्गाच्या मर्यादेपेक्षा मोठं काम भरता येत नाही, हे शेवटच्या दिवशी कळून उपयोग नाही. मागच्या तीन ते पाच वर्षांची आयकर विवरणपत्रं, ताळेबंद आणि सीएचं उलाढालीचं प्रमाणपत्र लागतं. या प्रमाणपत्रावर यूडीआयएन, म्हणजे सीएने त्या कागदासाठी काढलेला ओळख क्रमांक हवाच. फेब्रुवारी २०१९ पासून तो बंधनकारक आहे आणि छाननीत तो ऑनलाइन पडताळता येतो. नावाचं स्पेलिंग पॅनवर, जीएसटीवर आणि बँक खात्यावर एकसारखं आहे का, तेही बघा. एका ठिकाणी ‘एंटरप्रायझेस’ आणि दुसरीकडे ‘एंटरप्राईज’ असलं, तरी बोट ठेवणारा बोट ठेवतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो शपथपत्रात. मसुदा निविदेतच दिलेला असतो. तो शब्दशः उतरवा, मागच्या टेंडरचं शपथपत्र तारीख बदलून चालवू नका. मुद्रांक निविदेत सांगितलेल्या रकमेचाच घ्या. त्यात याच कामाचं नाव आणि याच निविदेचा क्रमांक हवा. मुद्रांकाची आणि नोटरीची तारीख सूचना निघाल्यानंतरची हवी. नोटरीचा शिक्का, नोंदवहीतला अनुक्रमांक आणि प्रत्येक पानावर सही, तिन्ही आहेत हे स्कॅन करण्याआधी बघा. स्कॅन अंधुक आला आणि शिक्का वाचता येईना, म्हणूनही कागद अमान्य झालेले आहेत.

मोठ्या कामांना बिड कपॅसिटी, म्हणजे आणखी किती रकमेचं काम तुम्ही पेलू शकता त्याचा हिशेब मागतात. सूत्र निविदेत छापलेलं असतं, त्याचं नेहमीचं रूप असं: मागच्या पाच वर्षांतली सर्वाधिक वार्षिक उलाढाल गुणिले काम पूर्ण करायची वर्षं गुणिले दोन, आणि त्यातून हातातल्या अपूर्ण कामांची रक्कम वजा. समजा तुमची सर्वाधिक उलाढाल ६० लाख, कामाची मुदत सहा महिने आणि हातात ३५ लाखांचं काम शिल्लक. ६० गुणिले अर्धं गुणिले दोन म्हणजे ६०. त्यातून ३५ गेले की उरले २५ लाख. याहून मोठ्या रकमेचं टेंडर भरलंत तर बाद. म्हणून हातातल्या कामांची यादी महिन्याच्या महिन्याला अद्ययावत ठेवा आणि खरी लिहा. लपवलेलं काम दुसऱ्या कार्यालयातून सहज बाहेर येतं आणि मग विषय काळ्या यादीपर्यंत जातो.

टेंडर ऑनलाइन भरायचं, म्हणून डिजिटल सिग्नेचर लागते; ती क्लास थ्रीची घ्या. क्लास टू १ जानेवारी २०२१ पासून बंद झाली. टोकन, म्हणजे ही सही ज्यात असते तो पेनड्राइव्हसारखा तुकडा, ज्याच्या नावाचं, त्याच्याकडेच सहीचा अधिकार असला पाहिजे. टोकन टेंडर भरून देणाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये कायमचं ठेवून देऊ नका. ती तुमची सही आहे. भरताना स्वतः शेजारी बसा. पासवर्ड पुन्हा पुन्हा चुकला तर टोकन लॉक होतं, आणि मुदत संपलेली सही नूतनीकरण करायलाही वेळ जातो. राज्य सरकारच्या ई-निविदांच्या महाटेंडर्स पोर्टलवर नोंदणी करून सही आधीच जोडून ठेवा, नेहमीचे कागद तिथल्या ‘माय डॉक्युमेंट्स’मध्ये चढवून ठेवा. मालाचा पुरवठा करणार असाल तर सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरही खातं उघडा.

मग निविदा वाचा, पण अख्खी. निविदापूर्व बैठक असेल तर जा आणि शंका लेखी द्या. तोंडी मिळालेल्या उत्तराला छाननीत किंमत नाही. शुद्धिपत्रकासाठी पोर्टल रोज उघडून बघा. मुदत वाढते, परिमाण बदलतं, आणि पुष्कळदा दरपत्रकाची एक्सेल फाईलच नवी येते. जुन्या फाईलमध्ये दर भरून बसलात तर सगळी मेहनत वाया. ‘निधीच्या उपलब्धतेनुसार देयक अदा करण्यात येईल’ हे वाक्य दिसलं की तिथे थांबा आणि स्वतःला विचारा, बिल सहा महिने आलं नाही तर माझे मजूर आणि माझा सिमेंटवाला थांबतील का? २०२५ मध्ये राज्यभरातल्या ठेकेदारांना थकलेल्या बिलांसाठी रस्त्यावर यावं लागलं. हा धोका दर ठरवतानाच धरायचा असतो.

जागा पाहिल्याशिवाय दर भरू नका. सरकारी दरसूची एकच असली तरी नाशिक जिल्हा एकसारखा नाही. इगतपुरी, पेठ, सुरगाण्याकडे जूनपासून पाऊस काम करू देत नाही. येवला-नांदगावकडे एप्रिल-मे महिन्यांत क्युरिंगला, म्हणजे काँक्रीटवर पाणी मारायला टँकर आणावा लागतो. जुन्या पंचवटीतल्या बोळात मिक्सरची गाडी शिरत नाही, म्हणजे माल हाताने वाहायचा. गोदाकाठचं काम असेल तर पूररेषा आणि पावसाळ्यात बुडणारे दिवस धरा. खडी आणि मुरूम कुठून येणार, गौण खनिजाच्या स्वामित्वधनाच्या (रॉयल्टीच्या) पावत्या तो खाणवाला देणार का, तेही आधी विचारा. पावत्या नसल्या तर रक्कम तुमच्या बिलातून कापली जाते.

आता दर. इथेच माणूस भावनेच्या भरात बुडतो. काम मिळालंच पाहिजे म्हणून अठरा-वीस टक्के बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा तेवढ्याने कमी भरणारे दिसतात. हिशेब मांडून बघा. अंदाजपत्रक १० लाखांचं, तुम्ही १८ टक्के बिलो भरलं, म्हणजे ८ लाख २० हजार, जीएसटी वेगळा. बिल निघताना जीएसटीचा टीडीएस २ टक्के, प्रोप्रायटर असाल तर आयकराचा १ टक्का, बांधकाम कामगार कल्याण उपकर १ टक्का आणि सुरक्षा अनामत ५ टक्के धरली, तर ७३ हजार ८०० रुपये हातात येण्याआधीच गेले. उरले ७ लाख ४६ हजार २००. त्यात साहित्य, मजुरी, साहित्याच्या चाचण्या, विमा, करारनाम्याचा मुद्रांक, फलक, डिझेल सगळं बसवायचं. कापलेला कर पुढे वळता होतो आणि अनामतही परत मिळते, पण काम चालू असताना तो पैसा तुमच्याकडे नसतो. शिवाय दर अंदाजपत्रकाच्या फार खाली गेला की वर जादा सुरक्षा रक्कम भरावी लागते. ती किती आणि किती दिवसांत, हे निविदेतच लिहिलेलं असतं. ती मुदतीत भरली नाही तर काम जातं आणि निविदेसोबत भरलेली बयाणा अनामतही (ईएमडी) जप्त होते. माझं स्पष्ट मत आहे, पहिल्या कामात नफा थोडा ठेवा, पण तोट्यात घेऊ नका. तोट्यातलं काम शेवटी गटाराच्या काँक्रीटमध्ये उतरतं, आणि त्या गटाराच्या काठी आपलीच माणसं राहतात.

आजूबाजूचे दर कसे चाललेत ते कळण्यासाठी पोर्टलवर जुन्या निविदांचे निकाल बघा. तिथे सापडलं नाही तर माहिती अधिकारात कोणी किती दर भरला त्याचा तुलनात्मक तक्ता मागा. हा तुमचा हक्क आहे. ‘आतून’ दर कळवतो म्हणणाऱ्याला, आणि सगळ्यांनी मिळून दर ठरवू म्हणणाऱ्यालाही, दारातूनच परत पाठवा.

बयाणा अनामत ऑनलाइन भरताना पोर्टलने काढून दिलेलं चलनच वापरा, ते त्या एकाच निविदेसाठी असतं. एनईएफटी किंवा आरटीजीएस असेल तर किमान एक दिवस आधी करा, कारण पैसे जमा झाल्याची नोंद पोर्टलवर यावी लागते. उद्यम नोंदणी (छोट्या-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) आहे म्हणून ही अनामत माफ, असं सरसकट धरून चालू नका. मालखरेदीच्या निविदांत ती सवलत दिसते, बांधकामात बहुधा नसते. अट वाचूनच ठरवा.

भरायचं ते शेवटच्या तासात नको. पोर्टलवर सर्व्हरची वेळ चालते, तुमच्या मोबाइलची नाही. दरपत्रकाच्या फाईलचं नाव बदलू नका, रकाने हलवू नका. दर आकड्यात टाकल्यावर अक्षरात काय उमटलं ते वाचा. ‘कमी’च्या जागी ‘जास्त’ निवडलं गेलं तर त्याला औषध नाही. शेवटी ‘फ्रीझ’चं बटण दाबून पोचपावती हातात आली, तरच टेंडर भरलं गेलं. मुदतीच्या आत पुन्हा भरून दुरुस्ती करता येते. मात्र एकदा मागे घेतलेली निविदा त्याच कामाला पुन्हा भरता येत नाही, म्हणून ‘विथड्रॉ’ला सहज हात लावू नका.

तांत्रिक लिफाफा उघडल्यावर पोर्टल आणि ईमेल दोन्ही रोज बघा. खुलासा मागितला असेल तर त्याला मुदत असते. बाद केलं असेल तर कारण वाचा आणि हरकत लेखी द्या, आवक क्रमांकाचा शिक्का घेऊन. फोनवर वाद घालून काही हाती लागत नाही.

काम मिळालं, तर कार्यादेशाशिवाय फावडंही टाकू नका. ‘सुरू करा, ऑर्डर येतेच आहे’ असं कोणी कितीही आपुलकीने म्हणालं तरी नाही. मधेच आचारसंहिता लागली तर झालेल्या कामाला कागद उरत नाही. पाया, सळई, खालचे थर झाकले जाण्याआधी अभियंत्यांकडून मोजमाप पुस्तिकेत नोंद करून घ्या आणि तारीख-ठिकाण दिसेल असे फोटो काढा. जादा काम सांगितलं तर लेखी आदेश मागा. मालाचा पुरवठा केला असेल आणि उद्यम नोंदणी कराराच्या आधीची असेल, तर सूक्ष्म आणि लघु उद्योगांना २००६ च्या एमएसएमई विकास कायद्याने ४५ दिवसांत पैसे मिळायला हवेत. नाही मिळाले तर एमएसएमई मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर दावा टाकता येतो.

काम संपल्यावर पूर्णत्वाचा दाखला त्याच आठवड्यात मागा. त्यावर कामाचं पूर्ण नाव, कार्यादेश क्रमांक, सुरू आणि पूर्ण झाल्याच्या तारखा आणि प्रत्यक्ष झालेली रक्कम असलीच पाहिजे; यातलं एक नसलं तरी पुढच्या टेंडरला तो अनुभव धरत नाहीत. दोष दायित्व कालावधी, म्हणजे कामातला दोष स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायची मुदत कधी संपतो ती तारीख त्याच दिवशी लिहून ठेवा. प्रत्येक पावसाळ्यानंतर एकदा जागेवर जाऊन बघा, तडा-खड्डा असेल तर नोटिशीची वाट न पाहता भरून टाका. कालावधी संपला की सुरक्षा अनामत परत मिळण्याचा अर्ज, बँक तपशील आणि दाखल्याची प्रत घेऊन स्वतः जा. तो अर्ज तुम्ही दिल्याशिवाय फाईल हलत नाही.