डिजिटल लेगोत पाइप, पट्टा, फ्लेक्स ॲक्सल वाकवताय? या चुका टाळा

कोल्हापुरातला माणूस कॉम्प्युटरवर लेगोचं मॉडेल करायला बसला की गुऱ्हाळ, उसाची ट्रॉली नाहीतर जेसीबी ठरलेलं, आणि त्यात कुठंतरी पाइप नाहीतर पट्टा येतोच. विटा पटापट बसतात हो, पण वाकणारा पार्ट आला की स्क्रीनवर नादखुळा दिसतंय आणि खरे पार्ट घेऊन जोडायला गेलं की बसतच नाही.

सगळ्यात मोठा घोळ लांबीचा. एलडीकॅडमध्ये (लेगोचं मॉडेल कॉम्प्युटरवर बांधायचं सॉफ्टवेअर) कंट्रोल पॉइंट, म्हणजे वळणाला आकार देणारा बिंदू, ओढला की वळण लांबत जातं, पण खरा फ्लेक्स ॲक्सल (वाकणारा दांडा) लांबत नाही, तो 7, 11, 12, 14, 16, 19 स्टड असल्या ठरलेल्या मापातच मिळतो. त्यामुळं आधी कागदावर हिशोब करा. 1 स्टड (विटेवरचा गोल उंचवटा, इथं लांबीचं माप) म्हणजे 8 मिमी, एलड्रॉच्या (लेगो पार्टच्या डिजिटल फाइलींची पद्धत) मापात 20 युनिट, म्हणजे 12 चा ॲक्सल 96 मिमी. दोन्ही टोकांचा एकेक स्टड सरळच राहणार, उरले 80 मिमी. टोकांत 6 स्टड अंतर ठेवून अर्धगोल कमान केली तर साधारण 75 मिमी लागतात, वरचे 5 कमान जरा फुगवून जिरतात. तेच अंतर 8 स्टड केलं की अर्धगोलाला 100 लागणार, मग ती कमान चपटीच काढायला पाहिजे, उगं गोल काढून काय उपयोग.

दुसरं म्हणजे टोकाची दिशा. फिटिंगमधनं निघालेला पाइप आधी थोडा सरळ जातो आणि मग वळतो, उद्यमनगरात हायड्रॉलिकचं काम करणाऱ्या कुणालाबी विचारा. भोकातनं निघाल्या निघाल्या काटकोनात वळवलेला पाइप बघितला की मला तर पुढचं मॉडेल बघावंसंच वाटत नाही. आणि न्यूमॅटिक (हवेच्या दाबावर चालणारी) नळी एवढी वाकवली तर ती चिमटते, हवा अडते, सिलिंडर हलत नाही, स्क्रीनवर मात्र सगळं गुळगुळीत.

गुऱ्हाळाच्या चरकाला रबराचा पट्टा लावताना तो आठच्या आकड्यासारखा तिढा देऊन घेतला तर दुसरी पुली उलटी फिरते, हे लक्षात ठेवा. ताण किती पडतोय तेही सॉफ्टवेअर सांगत नाही, लहान रबर लांब ओढलं की ॲक्सल वाकडे होतात.

अजून एक, एलडीकॅडनं पाथवरनं (वळणाच्या रेघेवरनं) तयार केलेले पाइपाचे तुकडे हातानं सरकवू नका, पाइप परत तयार झाला की तुमची मेहनत गेली, जे काय बदलायचंय ते पाथच्या कंट्रोल पॉइंटवरच बदला. एलसिंथनं (वाकणारे पार्ट तयार करून देणारं दुसरं सॉफ्टवेअर) केलेल्या नळीचंबी तसंच. आणि फाइल दुसऱ्या सॉफ्टवेअरला द्यायची असेल तर पार्ट लिस्ट एकदा डोळ्यांनी तपासा, एका पाइपाचे ढीगभर तुकडे मोजलेले असू शकतात.