परड्यात टिकाव घालण्याआधी

बेळगावात शहापुरातल्या आमच्या जुन्या घरामागचं परडं आठ-दहा वर्षं कुणी बघितलंच नव्हतं, मग मागच्या एप्रिलात मीच दोन गडी लावून एका दिवसात सगळं खणून काढलं, एकदम चकाचक, फोटोबिटो पण काढले. जूनमध्ये शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "अरे, आज्जीचा सुरण नि आंबेहळद कुठं गेली रे?" गेली की ट्रॉलीतून, दगडमातीसकट. उन्हाळ्यात ह्यांचा पाला वाळून जातो, कंद मात्र खाली जिवंत असतात, वरनं बघणाऱ्याला रिकामी जमीनच दिसते. मला कुठं माहीत!

म्हणून यंदा मी यादी केली, आणि तुम्ही पण परडं हातात घेणार असाल तर पहिली वस्तू टिकाव नाही, कागद-पेन. सकाळी ९ ला, दुपारी १२ ला, ४ ला ऊन कुठं पडतंय ते लिहायचं, पण एकाच महिन्याचं बघून ठरवू नका, कारण आपल्याकडं मेच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, म्हणजे भिंतीमागं डिसेंबरात जिथं दिवसभर सावली तिथं मे महिन्यात कडक ऊन लागतं. मग गल्लीतल्या जुन्या माणसांना चहाला बोलवा, कुठं काय होतं विचारा, आणि प्रत्येक जागी बांबूची काठी रोवून तिला जुन्या साडीची चिंधी बांधा. काठीभोवती हातभर जागेत दसऱ्यापर्यंत कुणी खणायचं नाही, गडी असला तरी त्याला आधीच सांगून ठेवायचं.

गमबूट, जाड हातमोजे, फुल्ल बाह्यांचा जुना शर्ट, कोयता, खुरपं, घमेलं आणि एक लांब काठी. पत्रे, कौलं, लाकडं उचलायच्या आधी काठीनं वाजवायचं, खाली कोण बसलंय सांगता येत नाही, आणि सर्पमित्राचा नंबर मोबाईलमध्ये असू दे. चावलंच तर सरळ मोठ्या दवाखान्यात, मंत्रबिंत्र काही नाही. काँग्रेस गवत पांढरं फूल यायच्या आत मुळासकट उपटायचं, हातमोजे घालूनच, नाहीतर खाज सुटते आणि काहींना लई त्रास होतो. पावसाळ्यात त्यावर पट्ट्यापट्ट्यांचे छोटे भुंगे दिसले तर मारू नका, हे गवत खायलाच ते १९८४ मध्ये मेक्सिकोहून बेंगळूरला आणून सोडलेत. टायर, डबे, फुटक्या कुंड्या वळवाच्या आधी बाहेर, आठ-दहा दिवस पाणी साठलं की डेंगीच्या डासांची पिढी तयार. पालापाचोळा पेटवू नका हो, पोत्यात दाबून थोडं पाणी मारून कोपऱ्यात ठेवा, वर्षभरात खत होतं. सिमेंटचा गिलावा तेवढा वेगळा काढायचा, तो मातीत मिसळू नये. मोठं झाड नको वाटत असेल तर कोयता चालवायच्या आधी परवानगीची चौकशी करा, कर्नाटकात त्याला १९७६ चा कायदा आहे.

आता पाणी. बेळगावचा पाऊस मृगापासून एकदा सुरू झाला की आठवडा-आठवडा थांबत नाही, त्यामुळे मे महिन्यातच फूटभर खड्डा काढून दोन बादल्या पाणी ओता आणि सकाळी बघा. पाणी तसंच असेल तर तिथं वाफे उंच करायचे नि चर काढायचा, आणि हो, चराचा उतार शेजाऱ्याच्या भिंतीकडं नको, भांडणं लागतात. इकडं खानापूरच्या बाजूला तांबडी माती आहे, पाणी लवकर मुरतं, पण निपाणी-चिकोडीच्या काळ्या मातीत ह्याची जास्तच काळजी घ्यावी लागते.

शेणखत गवळ्याकडनं आणताना आधी हातात घेऊन बघा. वास येत नाही, काळं, भुसभुशीत असेल तरच घ्यायचं. कच्चं शेण स्वस्त पडतं म्हणून आणाल तर मुळं जळतात आणि हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, ती पण येते, मग पुढची दोन वर्षं तिच्याच मागं.

रोपं सगळ्यात शेवटी. नर्सरीत जाऊन हजार-दोन हजाराची गुलाबं-बिलाबं पहिल्या वर्षी आणायचीच नाहीत, माती अजून आपल्या ओळखीची नसते. मी रिकाम्या जागेत रताळ्याचे वेल लावणारै, कुठल्याही शेतकऱ्याकडं वितीचे तुकडे मागितले की मिळतात, जमीन झाकतात, तण दबतं, नि काढताना माती आपोआप भुसभुशीत होते. आडाजवळ चार रोपं संकेश्वरी मिरचीची.

काकूंनी त्यांच्याकडच्या आंबेहळदीचा एक गड्डा दिलाय, म्हणाल्या तुझ्या आज्जीकडनंच आणलेला होता. तो मृगात लावणार, काठी आत्ताच रोवून ठेवलीय.