केळकर म्युझियमला जाताय? आज्जीला सोबत घ्या

सोलापूरहून सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला एक दिवसासाठी जाणार असाल तर शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय बघाच, पण घरातलं एखादं जुनं माणूस सोबत न्या. तिथं तलवारी-बिलवारीपेक्षा घरातल्याच वस्तू जास्त, दिवे, अडकित्ते, पानाचे डबे, फण्या, आणि पाय घासायच्या पितळी वजऱ्या, ज्यांच्यावर चक्क मोर नि हत्ती बसवलेत. आपण "भारीये" म्हणून पुढं सरकतो, पण आज्जी वजरीसमोर थांबली आणि खालची खरखरीत बाजू दाखवून टाच कशी घासायची ते सांगायला लागली, शेजारचे चार लोक पण ऐकत उभे राहिले!

केळकरांनी हे सगळं गावोगाव फिरून जमवलं, लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या नावानं, आणि 1975 ला सरकारला देऊन टाकलं. मस्तानी महाल सगळ्यात शेवटी बघा, तिथं गर्दी असते.

जायच्या आधी माळ्यावरच्या जुन्या भांड्यांचे मोबाईलवर फोटो काढून ठेवा, तिथं जोड्या लावायला मजा येते. आमचा अडकित्ता तर भंगारात जाता जाता वाचला.