पावसाळ्यात सह्याद्रीत फोटो काढताना या चुका टाळा

जूनपासून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत माळशेज, हरिश्चंद्रगड, आंबोली आणि कास येथे काढलेले फोटो मी हंगाम संपल्यावर सलग बसून पाहिले आणि प्रत्येक फसलेल्या फोटोसोबत कॅमेऱ्याने नोंदवलेले शटर स्पीड (शटर किती वेळ उघडे राहिले), अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र किती मोठे) व आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) हे आकडेही तपासले. बाद फोटो जागेवरच पुसून टाकण्याची घाई करू नये, असे मला आता ठामपणे वाटते, कारण तीच चूक चार वेगवेगळ्या ठिकाणी दिसली की तिचे कारण आपोआप उघड होते.

सर्वाधिक फोटो धुक्यात फसले. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर डोळ्यांना शुभ्र दिसलेले धुके फोटोत मळकट राखाडी उतरले होते. कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर समोरचे दृश्य सरासरी मध्यम राखाडी आहे असे गृहीत धरतो; त्यामुळे चौकटीत पांढरे जास्त असले की तो प्रकाश कमी करतो, आणि नंतर संगणकावर तो वाढवू गेल्यास सावल्यांमध्ये दाणेदारपणा येतो. अशा वेळी एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला प्रकाश आपण वाढवण्या-कमी करण्याची सोय) अधिक १ च्या आसपास ठेवून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतील गडद-उजळ भागांचा आलेख, पाहावा. काळ्या, ओल्या कातळावरून कोसळणाऱ्या धबधब्याच्या बाबतीत नेमके उलटे घडते: कातळाचा काळेपणा पाहून मीटर प्रकाश वाढवतो आणि पाण्यातील सगळे तपशील पांढऱ्या पट्ट्यात हरवतात. तेथे उणे बाजूला जावे लागते.

कासच्या तेरड्याने मात्र मला वेगळेच कोडे घातले. हिस्टोग्राम व्यवस्थित दिसत असूनही फुलांचे गुलाबी गालिचे सपाट, पाकळ्यांच्या कडा नसलेले आले होते. एकत्रित हिस्टोग्राम ठीक असला तरी गडद गुलाबी रंगात लाल रंगाची वाहिनी एकटीच आलेखाचा उजवा काठ ओलांडते आणि तपशील हरवतात, म्हणून लाल, हिरवा आणि निळा हे तीन आलेख स्वतंत्र दाखवणारा पर्याय कॅमेऱ्यात चालू करावा व रॉ स्वरूपात (सेन्सरची मूळ माहिती जपणाऱ्या फाइलमध्ये) फोटो काढावेत. गेंद नावाच्या पांढऱ्या रानफुलांसाठीही हीच सावधगिरी उपयोगी पडते.

कासच्या पठारावरच्या अस्पष्ट फोटोंचा दोष मी आधी फोकसला देत होतो. नोंदी पाहिल्यावर समजले की सीतेची आसवं, कवला अशा लहान फुलांचे बहुतेक फोटो १/६० किंवा १/८० सेकंदावर घेतले होते. लेन्समधील स्थिरीकरण आपल्या हाताचा कंप सावरते. वाऱ्यावर डोलणाऱ्या देठाला ते थांबवू शकत नाही. आयएसओ ८०० किंवा १६०० पर्यंत नेऊन शटर १/५०० सेकंदावर ठेवलेले फोटो थोडे दाणेदार असले तरी स्पष्ट आहेत, आणि मला ते कितीतरी अधिक प्रिय आहेत.

ओल्या पानांवरची पांढरी चकाकी पोलरायझर (लेन्सवर लावायचा फिरवता येणारा फिल्टर) काढून टाकतो, पण तो दीड ते दोन स्टॉप प्रकाशही खातो (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) आणि कॅमेरा आडव्याचा उभा केला की तो पुन्हा फिरवून जुळवावा लागतो. पावसात कॅमेऱ्यावरील फ्लॅश वापरल्यास जवळचे थेंब उजळून फोटोभर पांढरे ठिपके उमटतात. आंबोलीत रात्री बेडकांसाठी सोबत्याने बाजूने धरलेली मंद विजेरी मला पुरेशी ठरली. मात्र बेडकाला हात लावू नये, कारण त्याची त्वचा श्वसनाचेही काम करते आणि आपल्या हातावरचे डास पळवणारे मलम त्याला घातक ठरू शकते.

दमटपणाचे नुकसान फोटोपुरते राहत नाही. वातानुकूलित गाडीत थंड झालेला कॅमेरा माळशेजच्या ओल्या हवेत काढताच लेन्सवर बाष्प धरते. ते पुसले तरी पुन्हा धरते, आणि घाबरून लेन्स बदलली तर ओल सेन्सरपर्यंत पोहोचते. घाटात पोहोचण्याच्या अर्धा तास आधी वातानुकूलन बंद करून कॅमेरा हवाबंद पिशवीतच बाहेरच्या तापमानाला येऊ द्यावा. घरी परतल्यावर तो ओलसर बॅगेत तसाच ठेवणे ही त्याहून मोठी चूक आहे, कारण त्यातूनच लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी वाढते. झाकणबंद डब्यात सिलिका जेल आणि साधा आर्द्रतामापक ठेवून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांदरम्यान राखावी. ओल शोषून निळे दाणे गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा वापरता येतात, परंतु त्यांत कोबाल्ट क्लोराइड असल्याने स्वयंपाकाचे भांडे त्यासाठी घेऊ नये. भिजलेला कॅमेरा तांदळात पुरल्यास पिठूळ धूळ फटींत शिरते. बॅटरी आणि कार्ड काढून तो पंख्याच्या वाऱ्यात सुकवावा.

कासला जवळून फोटो घेण्याच्या मोहात वाट सोडू नये. तेथे जांभ्यावर मातीचा थर अगदी पातळ आहे आणि पुष्कळ वनस्पती एकाच मोसमाच्या आहेत. बी धरण्याआधी तुडवलेले रोप पुढच्या वर्षासाठी काहीच मागे ठेवत नाही. वाटेच्या कडेला गुडघ्यांवर बसून, लेन्स फुलांच्या उंचीवर आणून झूम लेन्सच्या २०० मिमीच्या टोकाने घेतलेल्या फोटोत तेरड्याची दूरवरची रांगही दाट आणि जवळ दिसते.